वायटूके थाप होती का? एका जुन्या कोबोलवालीचं उत्तर

प्रश्न असा आहे. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाला त्याचे वडील सांगतात, की १९९९ साली 'वायटूके'ने, म्हणजे २००० साल उजाडताच संगणक तारखांत चुकतील या धास्तीने, सगळं जग घाबरलं होतं, विमानं पडतील, बँकेतले पैसे शून्य होतील असं म्हणत होते आणि १ जानेवारी २००० ला काहीही झालं नाही. इटलीने तर फारसा खर्चही केला नव्हता, तरी तिथेही सगळं सुरळीत. मग ही सॉफ्टवेअर कंपन्यांनी, त्यातही आपल्याकडच्या, पैसे कमवायला उठवलेली आवई होती का? आणि आता २०३८ साली संगणकांची घड्याळं चुकतील म्हणतात, तेही पुन्हा तेच आहे का?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्यात हेच काम करत होते. बंड गार्डन रस्त्यावरच्या एका कंपनीत, एका अमेरिकन विमा कंपनीच्या मेनफ्रेमवरचे, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरचे, कोबोल या जुन्या भाषेतले प्रोग्रॅम तपासायचे आणि दुरुस्त करायचे. त्यामुळे मी अगदी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचा. चूक खरी होती. तिच्याबद्दलची भीती बहुतेक वेळा भलतीकडेच बघत होती. आणि त्या भीतीच्या आडोशाने बराच वेगळाच खर्चही मंजूर करून घेतला गेला. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लोक त्यातली एक पकडून बाकीच्या दोन नाकारतात, तिथे गडबड होते.

आधी चूक काय होती ते नीट बघू, कारण 'संगणकाला २००० कळणार नव्हतं' एवढ्यावर बहुतेकांची समजूत थांबते. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच आकडे दिलेले असत, १९७५ साठी नुसते ७५. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण पंच कार्डावर ऐंशी रकाने, त्यात ग्राहकाचं नाव, पत्ता, रक्कम, सगळं बसवायचं. मेमरी आणि डिस्क सोन्याच्या भावात. लाखो नोंदींत प्रत्येक तारखेमागे दोन रकाने वाचवणं म्हणजे हुशारी समजली जायची. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ साली सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं, की तरुणपणी आपणही असे प्रोग्रॅम लिहिले आणि १९ न लिहिता जागा वाचवल्याचा आपल्याला अभिमान होता. धोक्याची सूचना कुणी दिली नव्हती असंही नाही. बॉब बेमर या जुन्या आयबीएमवाल्याने १९७१ सालीच याबद्दल लिहिलं होतं. पण हे प्रोग्रॅम तीस वर्षं चालतील असं लिहिणाऱ्यांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. चांगलं चालणारं सॉफ्टवेअर कुणी फेकून देत नाही, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

आता या दोन आकड्यांनी नेमकं काय होतं? समजा ९८ साली तीन वर्षांसाठी ठेव ठेवली. मुदत संपते ०१ साली. प्रोग्रॅम ०१ मधून ९८ वजा करतो, उत्तर येतं उणे ९७. पण कोबोलमध्ये ते उत्तर ज्या जागेत ठेवायचं, तिला चिन्हाची सोय दिलेली नसेल, तर उणे गळून पडतं आणि नुसते ९७ उरतात. म्हणजे तीन वर्षांच्या जागी सत्त्याण्णव वर्षांचं व्याज. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल दिवा लागत नाही, कुठेही एरर येत नाही. छान छापील पत्र निघतं, त्यावर भलती रक्कम. वायटूकेचा खरा स्वभाव हा होता: गुपचूप, हिशेबी आणि कंटाळवाणा. याच्या भीतीवर कुणी सिनेमा काढणार नाही.

दुसरं उदाहरण क्रमवारीचं. तारखेनुसार फाइल लावायची तर ०० हे ९९ च्या आधी येणार, म्हणजे सगळ्यात नवी पॉलिसी सगळ्यात जुनी ठरणार. तिसरं वाराचं. १ जानेवारी २००० ला शनिवार होता, १ जानेवारी १९०० ला सोमवार. ज्या यंत्रणेला १९०० वाटेल ती सुट्टीच्या दिवशी कामाच्या दिवसाचे प्रोग्रॅम चालू करणार. चौथं लीप वर्षाचं, आणि ते मला फार आवडतं. ज्याला फक्त 'चारने भाग जातो' एवढंच माहीत होतं त्याचा प्रोग्रॅम बरोबर चालला. ज्याला चारशेचाही नियम माहीत होता त्याचाही चालला. ज्याने अर्धं पुस्तक वाचलं होतं, म्हणजे 'शंभराने भाग गेला तर लीप नाही' इथपर्यंत, त्याचा फसला.

आणि एक गंमत टेपची. मेनफ्रेमवर एखादी टेप कधीच पुसायची नाही असं सांगायचं असेल, तर तिची मुदत ९९३६५ अशी देण्याची पद्धत होती, म्हणजे ९९ सालचा ३६५ वा दिवस. सत्तर-ऐंशीच्या दशकात तो दिवस 'कधीच नाही' याच अर्थाचा होता. मग १९९९ जवळ येऊ लागलं, आणि जे कायमचं जपून ठेवायचं म्हणून ठेवलं होतं, तेच ३१ डिसेंबरनंतर पुसायला मोकळं होणार होतं.

अशा गोष्टी कुणाच्या कल्पनेतून आलेल्या नव्हत्या. आम्ही मशीनवर तारीख पुढे सरकवून प्रोग्रॅम चालवायचो आणि त्या आमच्या डोळ्यांसमोर घडायच्या. वायटूके खरं होतं की खोटं हे ३१ डिसेंबरच्या रात्रीकडे बघून ठरवता येत नाही, कारण तोवर दुरुस्ती झालेली होती. पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला म्हणून भिडे पूल बंद केला आणि पाणी पुलापर्यंत आलंच नाही, की दुसऱ्या दिवशी 'उगाच बंद केला' म्हणणारे पुण्यात हमखास भेटतात. पण नुसता हा दाखला देऊन मी सुटणार नाही, कारण कुठलाही घाबरवणारा माणूस 'मी वाचवलं म्हणून वाचलात' असं म्हणू शकतो. पुरावा दुरुस्तीच्या आधीच्या टेस्टिंगमध्ये आहे. न सुधारलेला प्रोग्रॅम घ्या, तारीख २००० ची करा, चालवा आणि निकाल बघा. आमच्याकडे अशा चुकीच्या निकालांच्या फायली भरल्या होत्या. बहुतेक चुका किरकोळ: अहवालावर २००० च्या जागी १९०० छापणं वगैरे. पण हप्ता, वय, व्याज आणि मुदत या चार जागी सापडणाऱ्या चुका किरकोळ नव्हत्या.

काम कसं चालायचं हे सांगितल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून जरा तपशिलात जाते.

पहिली पायरी मोजदाद. कंपनीकडे किती प्रोग्रॅम आहेत हे कंपनीलाच माहीत नसायचं. रोज रात्री चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमचा सोर्स कोडच, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूरच, कुठे सापडत नसे. चालणारी प्रत आहे, पण ती कशातून बनली ते लिहिणारा निवृत्त झालेला. उलट ज्यांचा सोर्स जपून ठेवलाय असे ढीगभर प्रोग्रॅम कित्येक वर्षांत चाललेलेच नसत. ही छाननी झाली की तारखा शोधायच्या. ज्या फील्डच्या, म्हणजे माहितीच्या रकान्याच्या, नावात डेट किंवा इयर आहे ती यंत्र शोधून देई. पण माणसं नावं कशी ठेवतात! कुणी एक्स-वन, कुणी टेम्प, एकाने तर आपल्या मैत्रिणीचं असावं असं नाव ठेवलेलं. मग एका फील्डमधली तारीख कुठल्या फील्डमध्ये गेली, तिथून कुठे, असा माग काढत बसायचं. पुण्यातल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी प्रोग्रॅमचं विश्लेषण करणाऱ्या साधनांवर आधीपासून काम चालू होतं. त्या प्रकारच्या साधनांनी मदत खूप व्हायची, पण शेवटचा निर्णय डोळ्यांनीच घ्यावा लागे.

मग दुरुस्ती, आणि इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे वर्षाची जागा दोनाची चार करायची. हा सरळ रस्ता, पण भयंकर महाग: फाइल बदलली की ती वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच दिवशी बदलायला हवा, आणि जुना सगळा डेटा नव्या मापात आणायला हवा. दुसरा रस्ता खिडकीचा, विंडोइंगचा. दोन आकडे तसेच ठेवायचे आणि एक मधली सीमा मानायची. समजा सीमा ३०. मग ०० ते २९ आले तर समजायचं एकविसावं शतक, ३० ते ९९ आले तर विसावं. डेटाला हात लावायची गरज नाही, प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या की झालं. बहुतेकांनी काय निवडलं असेल हे वेगळं सांगायला नको. आम्हीही बहुतेक ठिकाणी तेच केलं. ग्राहकाचा तसा लेखी निर्णय असायचा. याचा परिणाम काय, त्याकडे शेवटी येते.

अर्ध्याहून जास्त वेळ मात्र टेस्टिंगमध्ये जायचा. मेनफ्रेमचा एक वेगळा कप्पा करून त्यात घड्याळ पुढे न्यायचं आणि ठरावीक तारखांवरून यंत्रणा चालवत न्यायची: ९ सप्टेंबर १९९९, कारण चार नऊ काही ठिकाणी 'फाइल संपली' अशी खूण म्हणून वापरलेले, ३१ डिसेंबर, १ जानेवारी, ३ जानेवारी, कारण कामाचा पहिला दिवस, २९ फेब्रुवारी, १ मार्च, आणि ३१ डिसेंबर २०००, कारण तो वर्षाचा ३६६ वा दिवस. आपल्याकडे दिवस असतो तेव्हा अमेरिका झोपलेली असते, त्यामुळे त्यांचं रिकामं मशीन आमच्या हाती येई. एसटीपीआय या सरकारी सॉफ्टवेअर पार्कची ६४ केबीपीएसची लाइन आणि तिच्यावर अख्खी टीम. आज तुमच्या फोनवर एक फोटो पाठवायला जेवढं लागतं त्याच्यापुढे ती काहीच नव्हती, पण कोबोलचा हिरवा पडदा म्हणजे नुसती अक्षरं, त्याला ती पुरायची. लाइन तुटली की सगळे चहाला खाली.

पुण्यावर याचा काय परिणाम झाला तो आता विसरला गेलाय. जंगली महाराज रस्ता, डेक्कन, कर्वे रस्ता, जिकडे पाहावं तिकडे कोबोल, जेसीएल, डीबीटू अशी मेनफ्रेमची तंत्रं शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या. मेकॅनिकल, सिव्हिल, बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, कुणीही यावं आणि तीन-चार महिन्यांत 'मेनफ्रेमवाला' होऊन बाहेर पडावं. अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केली. त्या वर्षांत आमच्या सोसायटीतही दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरासमोर मोठ्या बॅगा दिसायच्या. आयबीएम १९७८ साली भारत सोडून गेली होती, मेनफ्रेम आपल्याकडे मोजक्या जागी होते, आणि जे मशीन शहरात कुणी धड पाहिलंही नव्हतं त्याचे तज्ज्ञ इथे घाऊक तयार होत होते. मला तेव्हाही ते विचित्र वाटायचं. पण काम तसं होतं: बुद्धीची चमक कमी, चिकाटी आणि शिस्त जास्त. कंटाळवाणं काम वेळेत आणि नोंदी ठेवून करून दाखवलं, म्हणून पुढे देखभालीचं, मग नव्या कामांचं दार उघडलं. 'भारतीय कंपन्यांनी आवई उठवली' या आरोपाला माझं उत्तर एवढंच आहे, की १९९३ साली 'कॉम्प्युटरवर्ल्ड' या अमेरिकन नियतकालिकात या धोक्यावर पीटर डी यागर यांचा गाजलेला लेख आला तेव्हा आपल्या कंपन्यांचा आवाज अमेरिकेत ऐकू जाण्याइतका मोठाच नव्हता. आपण संधी घेतली. आग लावली नाही.

आता भीतीकडे. ती कुठून आली हे समजायला फार खोलात जायला नको. 'संगणक' हा शब्द ऐकला की तेव्हा लोकांना पडदा, रोबो आणि क्षेपणास्त्र आठवायचं. व्याजाचा तक्ता नाही. त्यामुळे भीती विमानांकडे, अणुभट्ट्यांकडे आणि लिफ्टकडे गेली. त्यात भर म्हणून एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या, चिपची गोष्ट आली: जगात अब्जावधी चिप आहेत, त्या सगळ्या मध्यरात्री थांबतील. या बाबतीत घाबरवणारे सर्वांत जास्त चुकले. बहुतेक चिपला वर्ष माहीतच नसतं. वॉशिंग मशीनमधली चिप मिनिटं मोजते. तिला १९९९ काय आणि १८९९ काय. ज्या थोड्या यंत्रांत कॅलेंडर होतं त्यांतलीही बहुतेक फक्त नोंदीवर चुकीची तारीख लिहिणार होती, आणि काम चालूच ठेवणार होती. तपासायला लागलं तसं हे उमगत गेलं, पण तोपर्यंत बातम्या खूप पुढे गेल्या होत्या. अमेरिकेत लोकांनी जनरेटर आणि डबाबंद अन्न साठवलं. रोख काढायला गर्दी होईल म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने सुमारे ५० अब्ज डॉलर जादा नोटांची तयारी ठेवली.

आपल्याकडे भीती तितकी तीव्र नव्हती. १९६२ ची अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रहांच्या युतीची भीती, आणि १९७९ साली स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा डोक्यावर पडण्याची भीती पाहिलेली पिढी घरात होती. माझ्या सासूबाई वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणायच्या, 'हे आणखी एक.' तरी डिसेंबरात शेजारपाजारची मंडळी बँकेत जाऊन पासबुक भरून आणत होती, 'छापील असलेलं बरं.' मला तो सल्ला आजही अगदी योग्य वाटतो. काहींची चिंता याहून खास पुणेरी होती: नवं सहस्रक २००० ला सुरू होतं की २००१ ला, यावर वर्तमानपत्रांत पत्रांमागून पत्रं. दिवे जातात की राहतात ते नंतर बघू, आधी शतकाची गणना शुद्ध हवी.

सरकारने माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमलं होतं; बँका, वीज, रेल्वे, दूरसंचार यांच्या तयारीचा आढावा घेतला जात होता. भोसरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांना मात्र वायटूके कळलं ते परदेशी ग्राहकाच्या पत्रातून: 'तुम्ही वायटूके-सुसंगत आहात का, लेखी कळवा.' माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराकडे फोर्जिंगचा हातोडा आणि एकच संगणक, त्यावर टॅली. त्याने कंपनीच्या लेटरहेडवर शिक्का मारून पाठवून दिलं, 'आमचे सर्व हातोडे सुसंगत आहेत.' ऑर्डर टिकली.

त्या रात्रीचं थोडक्यात. ३१ डिसेंबर १९९९, शुक्रवार. देशाचं लक्ष वायटूकेकडे नव्हतंच, कंदाहारकडे होतं. अपहृत विमानातले प्रवासी त्याच दिवशी सुटले. आम्ही ऑफिसात होतो. न्यूझीलंडमध्ये बारा वाजले तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार. तिथले दिवे चालू आहेत ही बातमी आली आणि निम्मी धास्ती तिथेच संपली. साडेआठला जपान. पहाटे साडेपाचला ग्रीनिच, ते महत्त्वाचं, कारण विमान वाहतुकीच्या यंत्रणा त्या वेळेवर चालतात. सकाळी साडेदहाला न्यूयॉर्क. आमच्या ग्राहकाकडे दोन अहवालांवर तारीख चुकीची छापली गेली, ती जेवणाआधी दुरुस्त झाली.

'काहीच झालं नाही' हे मात्र खरं नाही. झालं, ते बातमी होण्याइतकं नाट्यमय नव्हतं. ब्रिटनमध्ये तर २८ डिसेंबरलाच दुकानांतली हजारो कार्ड यंत्रं अडली, कारण ती चार दिवस पुढची तारीख बघत होती. जपानमध्ये ओनागावा अणुवीज केंद्रात मध्यरात्रीनंतर दोन मिनिटांनी एक इशारा वाजला. धोका काही झाला नाही. अमेरिकेच्या हेर उपग्रहांकडून येणारी माहिती वाचणारी जमिनीवरची यंत्रणा कोलमडली, आणि त्याला कारण खुद्द वायटूकेची दुरुस्ती होती. अमेरिकेतल्या एका व्हिडिओ दुकानाने एका ग्राहकाला कॅसेट शंभर वर्षं उशिरा परत केल्याबद्दल ९१,२५० डॉलरचं बिल दाखवलं. याचं सगळ्यांना हसू आलं.

ब्रिटनमधल्या शेफील्डच्या प्रकाराचं हसू येत नाही. तिथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बाळाला डाऊन सिंड्रोम ही जन्मजात स्थिती असण्याचा धोका बघायला गर्भवतींची चाचणी होई, आणि धोका किती हे संगणक आईच्या वयावरून काढी. जानेवारी २००० पासून वय चुकायला लागलं. मे महिन्यात ते उघडकीस येईपर्यंत दीडशेहून जास्त स्त्रियांना 'धोका कमी' असं चुकीचं उत्तर गेलं होतं. त्यांतल्या चौघींच्या गर्भांना डाऊन सिंड्रोम होता. कुठेही भोंगा वाजला नाही. संगणकाने नेहमीसारखा कागद छापला आणि लोकांनी नेहमीसारखा त्यावर विश्वास ठेवला. वायटूकेचा खरा धोका कसा दिसला असता, असं मला कुणी विचारलं की मी विमानांची नाही, ही गोष्ट सांगते.

आता इटलीचा मुद्दा, कारण तो विरोधकांचा सर्वांत चांगला मुद्दा आहे आणि तो टाळू नये. इटली, रशिया, दक्षिण कोरिया यांनी तुलनेने उशिरा आणि कमी खर्च केला, आणि तिथेही फार काही बिघडलं नाही. याची काही कारणं स्पष्ट आहेत. जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर थोड्याच कंपन्या बनवत होत्या. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, बँकिंग पॅकेजं दुरुस्त केली ती सगळ्यांसाठी. अमेरिकन ग्राहकाने पैसे मोजले आणि त्याचा फायदा मिलानच्या ग्राहकालाही झाला. शिवाय तीस वर्षांचा, घरीच लिहिलेला कोबोलचा डोंगर अमेरिकेत जितका होता तितका इतरत्र नव्हता. आपल्याकडे बँकांच्या कितीतरी शाखांत तेव्हाही खातेवह्याच होत्या. त्यांना काय होणार? पण एक गोष्ट विरोधकांची खरीच आहे: लहान कंपनीला 'बिघडेल तेव्हा दुरुस्त करू' हे धोरण परवडलं असतं, आणि अनेकांना ते स्वस्तच पडलं असतं. दहा कर्मचाऱ्यांचा पगार चुकला तर हाताने लिहिता येतो. लाखो पॉलिसींची विमा कंपनी मात्र ते करू शकत नाही, कारण चूक कळेपर्यंत ती पुढच्या शंभर फायलींत पसरलेली असते.

खर्चाचंही तसंच. गार्टनर या सल्लागार कंपनीचा जगभराचा अंदाज ३०० ते ६०० अब्ज डॉलरचा होता. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने एकट्या अमेरिकेचा खर्च सुमारे १०० अब्ज धरला. हे सगळं दोन आकड्यांवर खर्च झालं असं मी म्हणणार नाही. जे संचालक मंडळ वर्षानुवर्षं नवीन मशीनला नाही म्हणत होतं ते 'वायटूके' शब्द ऐकला की सही करत होतं, हे कुठल्याही आयटी मॅनेजरला कळायला वेळ लागला नाही. जुनी यंत्रणा काढून ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी यंत्रणा, बसवली गेली, कुणी पीसी बदलले, कुणी अख्खं नेटवर्क. ती फसवणूक होती का? काही ठिकाणी हो. काही ठिकाणी ते नाहीतरी करायलाच हवं होतं. सल्लागार कंपन्यांनी भीतीचा बाजार केला याबद्दल मात्र मला शंका नाही. त्यांची सादरीकरणं आमच्याकडेही यायची; पहिल्या स्लाइडवर हमखास स्फोटाचं चित्र असायचं.

नंतर काय झालं? मार्च २००० मध्ये अमेरिकन शेअर बाजारात डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटायला लागला आणि काम नसलेल्या कोबोलवाल्यांची 'बेंच' भरली. क्लासच्या पाट्या एका वर्षात उतरल्या. काही जण जावा शिकले, काही अमेरिकेतून परत आले, काही अजून त्याच मेनफ्रेमवर आहेत. आणि बग तर ३१ डिसेंबर २००० ला पुन्हा डोकावला: नॉर्वेच्या काही नव्या रेल्वेगाड्या त्या दिवशी सुरूच होईनात, कारण त्यांच्या संगणकाला ही तारीख कळली नाही. शेवटी तारीख महिनाभर मागे नेल्यावर गाड्या निघाल्या.

आता २०३८. वर खिडकीची गोष्ट अर्धी ठेवली होती, ती इथे येते. खिडकी म्हणजे दुरुस्ती नव्हे, तहकुबी. ज्यांनी सीमा २०, ३० किंवा ५० ठेवली त्यांनी प्रश्न तेवढ्या वर्षांवर ढकलला. एक्सेलने वर्षानुवर्षं २९ म्हणजे २०२९ आणि ३० म्हणजे १९३० असंच मानलं. दोन आकडी वर्षाची सवयही गेलेली नाही. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर जगभर ईमेल अडकली, कारण त्यातल्या मालवेअर तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक २२०१०१०००१ असा तारखेवरून बनवला होता आणि तो संख्येसाठी राखलेल्या ३२ बिटांच्या जागेत मावत नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमधले अनेक सेल्फ-सर्व्हिस पेट्रोल पंप लीप दिवसामुळे बंद पडले.

२०३८ चा प्रश्न वेगळा पण त्याच घराण्यातला. युनिक्स घराण्यातल्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ते ३२ बिटांत ठेवले तर २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाता येतं. तो सेकंद येतो मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवेल. लॅपटॉप, फोन, सर्व्हर यांची काळजी नको. ते बहुतेक ६४ बिटांवर गेलेत, आणि लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही २०२० साली सोय झाली. काळजी करायची ती न बदलल्या जाणाऱ्या गोष्टींची: कारखान्यातले कंट्रोलर, मीटर, जुन्या फाइलींची ठेवण, आणि डेटाबेसमधले रकाने. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसचा टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख-वेळ साठवायचा, प्रकार आजही त्याच तारखेला संपतो.

आणि २०३८ ची वाट बघायचीही गरज नाही. आज कुणी वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर त्याचे हप्ते २०३८ च्या पलीकडे जातात, म्हणजे तो हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमला ही तारीख आजच गाठावी लागते. तू तिसऱ्या वर्षाला आहेस, तर कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येच करून बघ: मायएसक्यूएलचा डेटाबेस घे, टाइमस्टॅम्पच्या रकान्यात २० जानेवारी २०३८ टाक आणि काय होतं ते पाहा. मग तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेला एखादा ३२ बिटांचा बोर्ड असेल, त्याचं घड्याळ पुढे ने. निकाल वडिलांना दाखव आणि मग घाबरायचं की नाही ते दोघं मिळून ठरवा.